भट्टीच्या वेळेवर चालणारी घरे

जालन्याच्या एमआयडीसीत रात्री दहानंतर जी जाग असते, ती नवख्या माणसाला चकित करते. क्रेनच्या चुंबकाला चिकटलेले भंगार इंडक्शन भट्टीत पडते, सोळाशे अंशांच्या आसपास लोखंडाचे पाणी होते, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून सळया बाहेर येतात. मराठवाड्यात कुठे स्लॅब पडत असेल, तर त्यात जालन्याची सळई असण्याची शक्यता मोठी. हे काम दिवसाउजेडी करायला भट्टीची काही हरकत नसते. पण वर्षानुवर्षे महावितरणच्या दरपत्रकात उच्चदाब उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या तासांत युनिटमागे दीड रुपयापर्यंत सवलत होती, आणि सळईच्या खर्चात कच्च्या मालाखालोखाल वाटा विजेचाच. ज्याला जमले त्याने भट्टीचा भार रात्रीवर टाकला. जालन्यातल्या कितीतरी घरांत बापाने कधी झोपायचे, पोरांनी दुपारी किती हळू आवाजात खेळायचे आणि जेवणाची दुसरी पंगत कधी बसायची, हे असे मुंबईत वीज नियामक आयोगापुढच्या सुनावणीत ठरत आले.

मग वारे फिरले. सौरऊर्जा दिवसा स्वस्त आणि मुबलक मिळू लागल्यावर केंद्राने २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर कमी ठेवायला सांगितले. महाराष्ट्रातही २०२५ पासून सवलतीचा काटा रात्रीकडून दिवसाकडे वळू लागला. पोलाद उद्योगाने याला विरोध केला, आणि त्यांचे गणित अगदीच चुकीचे नाही, कारण सगळी मांडणीच रात्रीची होती. या वादात युनिटचा दर आला, बिलेटचा भाव आला, शेजारच्या राज्यांशी स्पर्धा आली. रात्रपाळी कमी झाली तर कामगार रात्री आपल्या घरी झोपेल, हा मुद्दा मात्र कुणी नफ्याच्या बाजूला मांडल्याचे ऐकिवात नाही. उलट बाजूही आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना दुपारी भट्टीसमोर उभे राहणे हे रात्रीच्या जागरणापेक्षा सोपे काम नव्हे. दोन्हींतले काय पत्करायचे, हे ज्याला उभे राहायचे आहे त्याला विचारावे, एवढी साधी गोष्ट राहून जाते.

काम आणि घर यांचा तोल या विषयावर गेली दोन-तीन वर्षे देशात बरेच बोलले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन नव्वद तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत बसणार, असेही विचारून बसले. समाजमाध्यमांवर चार दिवस करमणूक झाली. खरे तर मूर्तींचे सत्तर तास ही जालन्याला बातमी वाटू नये. जिथे बारा तासांची शिफ्ट चालते, तिथे सहा दिवसांत ते भरून वर दोन तास उरतात.

या चर्चेची दुसरी शाखा सल्ल्यांची. सकाळी लवकर उठा, मोबाइल दूर ठेवा, नाही म्हणायला शिका. सल्ले वाईट नाहीत; फक्त ते ज्याची वेळ त्याच्या हातात आहे त्याच्याच कामाचे आहेत. पुण्यात जुलै २०२४ मध्ये ईवाय या बड्या कंपनीच्या कार्यालयात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी मरण पावली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरात देशभर वाचले गेले. कंपनीने कामाच्या ताणाचा आरोप फेटाळला. त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने त्या कार्यालयाची तपासणी केली तेव्हा कळले की २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच नव्हती. म्हणजे तास मोजायला कुणी यायचे होते, तेही सतरा वर्षे आले नव्हते. अशा ठिकाणी ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः साहेबाला नाही म्हणून दाखवावे.

महाराष्ट्राला कामाच्या तासांसाठी झगडण्याचा जुना अनुभव आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या माणसांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहिल्या तर आजचा मनुष्यबळ अधिकारी ओशाळेल, इतक्या त्या नेमक्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत तयार झालेल्या या माणसाने ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवले, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभारली आणि सहा वर्षे हा धोशा सोडला नाही. एप्रिल १८९० मध्ये दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा भरली, तिथे दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे गिरणगावात आलेल्या घाटावरच्या माणसाला तो परका वाटायचे कारण नव्हते.

जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि निजामाच्या कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारची. वार कुठलाही असो, तो सगळ्यांचा एकच असे.

आठवड्याचे ४८ तासही असेच मिळालेले आहेत. १९३४ च्या कारखाना कायद्यात ५४ तास होते; १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ वर आले, त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ही चौकट पक्की केली. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने तिच्यात बदल मंजूर केले. कारखान्यात दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा धरून साठपर्यंत, आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक.

कागदावर हे फार वाईट दिसत नाही. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी, असे चित्र हिंजवडीतल्या एखाद्याला आवडेलही. पण जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बहुतेक माणसे ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. संमतीचा कागद पुढे आला आणि कामगाराने सही केली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. संमती लेखी असली म्हणून ती मोकळ्या मनाने दिलेली ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत. साठ तासांची मुभा देताना हा आकडा मंत्रालयात कुणाच्या टेबलावर होता का, हे विचारायला हवे.

शिवाय ज्यांच्या घराबद्दल आपण बोलतो, ते घर जालन्यात असतेच असे नाही. इथल्या भट्ट्यांवर उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातले मजूर मोठ्या संख्येने आहेत. मे २०२० मध्ये टाळेबंदीत जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात काम करणारे वीस मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. शहडोल आणि उमरिया या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांत त्यांना पोहोचायचे होते. करमाडजवळ थकून काही जण रुळांवरच निजले. ८ मे रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि सोळा जण गेले. टाळेबंदीचा अपवाद म्हणून ही घटना बाजूला ठेवता येते. पण एरवीच्या वर्षातही हा माणूस बायकोपोरांना दिवाळी-छठला किंवा शेताच्या कामाला भेटतो, बाकी दहा महिने त्याचे घरगुती आयुष्य मोबाइलच्या पडद्याएवढे असते. त्याच्यासाठी तोल म्हणजे सलग पंधरा दिवसांची रजा आणि परत आल्यावर तीच नोकरी. या मागणीला एक रुपयाही जादा लागत नाही.

लोखंडाइतकेच जालना बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या धंद्याने भोकरदन, जाफराबादपासून पलीकडे देऊळगाव राजापर्यंत शेतकऱ्यांना सीड प्लॉट दिले. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी आदल्या दुपारी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या सकाळी परागकण लावायचे, फुलाफुलाला. गावात याला क्रॉसिंग म्हणतात. हंगाम चालू असेपर्यंत घरातली बाई आणि सुट्टीतली पोरे शेतातच. फुलाला रविवार कळत नाही, हे मान्य. पण भाव ठरवताना घरच्या माणसांचे हे तास मजुरी म्हणून धरले जातात का, हा प्रश्न फुलाला विचारायचा नाही, कंपनीला विचारायचा आहे.

ऊसतोडीची गोष्ट आणखी कडू. मंठा, घनसावंगी, अंबड भागांतून दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये हे त्यामागचे एक कारण असल्याचे महिला संघटना सांगत आल्या. काम शरीराच्या किती आत शिरू शकते, याचा याहून ढळढळीत पुरावा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

आता कुंडलिका नदीच्या अलीकडे, जुना जालन्यात यावे. रेल्वे स्टेशन, गांधी चमन, शनि मंदिर, आनंदी स्वामींचे देऊळ, आणि आतल्या गल्ल्यांत नोकरदारांची घरे. इथला नेहमीचा शब्द अपडाऊन. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. सकाळच्या गाडीला बँकेतले, न्यायालयातले, महाविद्यालयातले लोक रोज निघतात आणि दिव्याच्या वेळी परततात. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा गावाला आनंद झाला, रास्त झाला. पण ती पहाटे पाचच्या सुमारास सुटायची, म्हणजे घरातला एक दिवा साडेतीनला लागायचा. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि बदल्यात रोजची वेळ पाऊण तासाने वाढवली. अपडाऊन करणाऱ्याला हा सौदा फायद्याचा, कारण महिन्यातून किमान दोन दिवसांचा प्रवास वाचला. कामाच्या तासांबाबत अलीकडे झालेल्या निर्णयांत इतका सरळ फायद्याचा निर्णय दुसरा सापडत नाही. शाळा, दवाखाने, पोलीस मात्र त्यातून वगळलेले.

अपडाऊन बाई करत असेल तर घरी आल्यावर दुसरी शिफ्ट. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेली, पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांचा वेळ दहा मिनिटांनी कमी झाला याचा आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ मिनिटे काढून घेतलेली. (ती कुठे गेली, हे प्रत्येक घराने आपापले तपासावे.) जालन्यात या हिशेबात आणखी एक रकाना आहे, नळाचा. घाणेवाडीचा तलाव आणि पैठणहून आणलेले जायकवाडीचे पाणी असूनही नळ कित्येक दिवसांनी येतो, आणि येतो तेव्हा कधीही. २०१२-१३ च्या दुष्काळात तर आठवडेच्या आठवडे टँकरच्या तारखेवर काढले. पाणी येणार त्या दिवशी घरातले कुणीतरी थांबते, आणि ते कुणीतरी कोण, हे सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. तिने वॉर्डवार पाण्याचा वार आणि तास जाहीर करून तेवढे पाळले, तरी शहरातल्या बायकांच्या हाती जितका वेळ पडेल, तितका कुठल्याही महिला मेळाव्याने पडणार नाही.

वेळ आधी कळणे, हीच निम्मी लढाई आहे. तास कमी करता येत नाहीत तिथेही ते ठरवून देता येतात, हे पोलिसांनी करून दाखवले. मुंबईतल्या देवनार ठाण्याचे शिपाई रवींद्र पाटील यांनी बारा तासांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसवता येतील, याचा तक्ता स्वतः मांडून वरिष्ठांना दिला. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न टाकता मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू केला आणि पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांतही गेला. २०२१ मध्ये तत्कालीन महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश काढला. बंदोबस्त लागला की हे सगळे कोलमडते, ही तक्रार खरी आहे. तरी मनुष्यबळ कमी म्हणून काहीच होऊ शकत नाही, असे जे छातीठोक सांगितले जात होते, ते एका शिपायाच्या तक्त्याने खोटे पाडले. जालन्याच्या कारखानदारांनी पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा तक्ता शनिवारी फाटकावर लावायचे ठरवले, तर त्यासाठी कुठल्या आयुक्ताचीही वाट पाहावी लागणार नाही. ठरलेली वेळ संपल्यावर तरी माणूस मोकळा असावा, म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते बाजूलाच पडले. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये असा कायदा अमलात आणला.

जुना जालन्यातल्या दुकानांत काम करणाऱ्या पोरांकडे मात्र यातला कुठलाच कायदा पोहोचत नाही. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवायची मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी देण्याचे बंधन मालकावर घातले. तेही दहा किंवा अधिक कामगार असतील तरच. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने ही मर्यादा विसावर नेली. कापडाच्या, किराण्याच्या, भांड्यांच्या दुकानात इथे वीस माणसे असतात कुठे? तीन-चार पोरे सकाळी शटर वर करतात आणि रात्री खाली ओढतात. मालकही काही घरी लोळत नाही, तोही गल्ल्यावर तितकेच तास बसतो आणि त्याचीही पोरे झोपल्यावर घरी जातो. सुट्टी सगळ्यांना एकदम मिळाली तर काय होते, हे धुळवडीला दिसते. हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीला शेठ, हमाल, कारकून सगळे एकाच रस्त्यावर असतात आणि कुणाचेही गिऱ्हाईक पळून जात नाही, कारण शेजारचेही दुकान बंद असते.

हाच नियम आठवड्याला लावता येईल. व्यापारी महासंघाने आठवड्याचा एक वार ठरवून बाजार बंद ठेवला, तर त्याला ना अध्यादेश लागतो ना अनुदान. आक्षेप ठाऊक आहे, मोबाइलवरून मागवलेला माल रविवारीही दारात येतो, मग आपणच का बंद ठेवायचे. आक्षेपात तथ्य आहे, त्यामुळे बारा महिन्यांचा हट्ट धरू नये. सुरुवात एप्रिल-मेपासून करावी. त्या दिवसांत दुपारी एक ते चार कचेरी रोडला गिऱ्हाईक तसेही फिरकत नाही, आणि दोन महिन्यांनंतर गल्ल्याचा हिशेब समोर ठेवून पुढचे ठरवता येईल.